मुलगा कंपनीत आहे, म्हणजे काय?

माझं शिक्षणाचं तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावतं : म्हणजे काय? याहून मोठं काही माझ्याकडे नाही. डी.एड.ला असताना मोठमोठ्या माणसांचे विचार पाठ केले होते, परीक्षेत ते व्यवस्थित उतरवले, आणि सुरतेला पर्वत पाटियाजवळच्या मराठी शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात विसरून गेले. बाकावर दोघांच्या जागी चौघं बसलेली आणि त्यातला एखादा तिसऱ्याच्या खांद्यावर झोपलेला, अशा वर्गात विचारवंतांचा फारसा उपयोग होत नाही.

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. कुणी शाळेच्या आठवणी सांगा म्हटलं की मी गमतीच्या सांगते, त्या पुष्कळ आहेत. ही गमतीची नाही. पण त्या दोन शब्दांची खरी परीक्षा एकदाच झाली आणि ती या गोष्टीत झाली, त्यामुळे दुसरी सांगण्यात अर्थ नाही.

सुरतेत मराठी शाळा होत्या याचंच पुण्या-नाशकाकडच्या लोकांना नवल वाटतं. होत्या, आणि ओसंडून वाहत होत्या. मुलं सगळी कारागिरांची. खानदेशातली सर्वांत जास्त, त्यांच्या मागोमाग मराठवाडा आणि विदर्भ. घरात अहिराणी नाहीतर वऱ्हाडी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि माझ्या वर्गात पुस्तकातली मराठी, जी यांच्यापैकी कुणाच्याच आईची भाषा नव्हती. 'पाहुणे जमले' याचा अर्थ लिहा म्हटलं की निम्मा वर्ग लिहायचा, 'पाहुणे जेवले.' गुजरातीत जमणं म्हणजे जेवणं. गणित चुकलं की मुलं म्हणायची, "बाई, माझं गणित खोटं पडलं." मला ती वर्गात 'बाई' म्हणायची आणि फाटकाबाहेर पडताच 'बेन', कारण बाहेर 'बाई' म्हणजे धुणीभांडी करणारी. नव्यानं आलेल्या शिक्षकांना याचा संताप यायचा. मला मजा वाटायची.

म्हणून माझा नियम. ज्याला शब्द कळला नाही त्यानं हात वर करत बसायचं नाही, मला मधेच तोडायचं आणि विचारायचं, "म्हणजे काय?" विचारलं तर मी रागावणार नाही, न कळता मान हलवली तर मात्र सोडणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या घरांत मोठ्यांना परत काही विचारणं म्हणजे उलट बोलणं समजतात, तिथल्या मुलांच्या तोंडून हा पहिला प्रश्न बाहेर काढायला मला दिवाळी उजाडायची. एकदा निघाला की मग बांध फुटायचा. माझा अभ्यासक्रम कधीच वेळेवर पुरा झाला नाही. शेजारच्या वर्गातले गुरुजी मला हसून म्हणायचे, "बाई, तुमच्या वर्गात शाळा भरते की पोलीस चौकी?"

पालकसभेला बाप कधी यायचे नाहीत. ते एकतर पाळीवर असायचे, नाहीतर पाळीवरून येऊन झोपलेले. आया यायच्या. अशाच एका सभेत मी माझा नियम समजावून सांगत होते, तेव्हा मागे बसलेली एक बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. सभा संपल्यावर ती थांबली. ती सातवीतल्या रेखाची आई, मंगलाबाई. माहेर बुलढाण्याकडचं, सासर धुळ्याकडचं, संसार सुरतेत.

"बाई, असं कोनी आमच्या घरी शिकवलं असतं त मी इथं नसती," ती म्हणाली.

ती गोष्ट कळायला एक शब्द सांगायला हवा. कापडाचे लूम ज्या शेडमध्ये चालतात त्या शेडला सुरतेत 'खातं' म्हणतात. सगळी सुरत म्हणते, त्यात काही विशेष नाही. मंगलाबाईला स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्यांनी सरळ सांगितलं, मुलगा सुरतला खात्यात आहे. मंगलाबाईचे वडील शाळेत शिपाई. त्यांच्या कानाला ते सरकारी खातं वाटलं. पाटबंधारे असेल, टपाल असेल. मंगलाबाई तेव्हा नववीत होती. वार्षिक परीक्षा तोंडावर होती.

"बाबा म्हने, कोन्तं खातं असं पाव्हन्याले इचारनं बरं दिसत नाई. खात्यात हाये म्हनते ना, झालं. मी इथं आल्यावर यायले म्हनलं, तुमचं हापिस दाखवा. हे हौसेनं घेऊन गेले. दारातच कानावर हात ठेवले म्या." हे सांगताना ती हसत होती. मग थांबली. "मानूस वाईट नाई, बाई. खोटं कोनीच बोललं नाई."

तिचा नवरा भिकनभाऊ. मी त्यांना पुढं भेटले. उंच, वाकलेला, फार सभ्य माणूस. बारा-बारा तास लूमच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. हे खात्यात सगळ्यांचंच होतं, पण तसं कुणी कबूल करत नसे, कारण ऐकू येत नाही म्हटलं की शेठ दुसरा माणूस बघतो. म्हणून भिकनभाऊ समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि बोलणं थांबलं की मान हलवायचे. "हाव, हाव." गल्लीत त्यांचं कुणाशी भांडण नव्हतं.

रेखा त्यांची थोरली. दोनदा गावाकडे आणि परत सुरतेला, अशा फेऱ्यांत तिची वर्षं गेली होती, त्यामुळे सातवीतली मुलं तिच्यापुढे लहान दिसायची. पंधरावं लागलेलं होतं. माझ्या त्या नियमाचा तिच्याइतका फायदा कुणी उठवला नाही. 'स्वातंत्र्य म्हणजे काय' हे मी सांगितलं की ती 'हक्क म्हणजे काय' विचारायची, ते सांगितलं की म्हणायची, "बाई, मग तो कुणाकडून घ्यायचा?" उत्तर नसलं की मी म्हणायचे, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी ती पहिल्याच तासाला आठवण करून द्यायची. शिक्षकाच्या नोकरीत अशी एखादीच पोर मिळते. ती मिळाली की सकाळी शाळेत जाताना पायांना घाई होते.

ही गोष्ट सुरतेतल्या चौऱ्याण्णव सालच्या प्लेगच्या पुढच्या वर्षीची. प्लेगात आमच्या वस्त्या रिकाम्या झाल्या, लोक मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळाले, आणि तिथं गावकऱ्यांनी वेशीवरच अडवलेले कितीतरी जण हळूहळू परत आले. परतल्यावर सगळ्यांना एकच घाई झाली होती, मुलींची लग्नं उरकून टाकायची. पुन्हा असं काही झालं तर तरण्या पोरी घेऊन कुठं धावायचं, असं आया उघड म्हणायच्या. सातवीतल्या मुलींचे रिकामे होत जाणारे बाक मी त्या वर्षी बघत होते.

रेखाला पाहायला पाहुणे आले ते मला आधी कळलंच नाही. नंतर जे कळलं ते असं. पोरगी चहाचा ट्रे घेऊन आली, पाटावर बसली, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, पोळ्या येतात का याचं उत्तर दिलं. इथवर रीत होती. मग मुलाच्या काकांनी मुलाची माहिती दिली, "पोऱ्या हजीराले कंपनीमा शे." आणि रेखा मान वर करून म्हणाली, "कंपनीत म्हणजे काय?"

लोक आधी हसले. रेखानं परत विचारलं. कंपनीच्या पगारावर आहे का ठेकेदाराच्या? गेटच्या आत जायचं कार्ड आहे का कामासाठी रोज गेटबाहेर उभं राहावं लागतं? हे तिला गल्लीतल्या बायकांच्या बोलण्यावरून माहीत होतं, कारण हजीऱ्याला समुद्रकाठी मोठमोठे कारखाने, आणि आमच्याकडचा जो तो तिथल्या 'कंपनीत'च असायचा. मुलाचे काका चहा तसाच ठेवून उठले. त्यांच्यामागे सगळे उठले.

दुसऱ्या दिवशी भिकनभाऊ शाळेत आले. पहिल्यांदाच. त्यांच्या मते ते हळू बोलत होते, पण सगळ्या व्हरांड्याला ऐकू जात होतं.

"बाई, काय शिकाडी राह्यनात तुम्ही मन्ही पोरले? पाव्हना चहा टाकीसन निंघी ग्यात. गल्लीमा तोंड दखाडाले जागा नही."

मी म्हटलं, तिनं चूक काय विचारलं? ते माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. "आते शाळा बंद," ते म्हणाले आणि मला नमस्कार करून गेले. इतक्या रागातही तो माणूस नमस्कार करायला विसरला नाही, याचा मला जास्त त्रास झाला.

रेखा घरी बसली. घरी बसणं म्हणजे साड्यांचं काम. टेम्पोवाला साड्यांचे गठ्ठे टाकून जायचा, त्यांचे मागच्या बाजूचे लोंबते धागे कात्रीनं कापायचे आणि गठ्ठा परत बांधायचा. मी दोन-तीनदा गेले. एकच खोली, मधे पडदा, पडद्याआड दुसऱ्या पाळीचा भाडेकरू झोपलेला, त्यामुळे सगळे दबक्या आवाजात बोलायचे, भिकनभाऊ सोडून. रेखा कात्री न थांबवता माझ्याशी बोलायची. धाकटी सुनीता, चौथीतली, तिच्या बाजूला बसून कापलेले धागे गोळा करायची. मी अठरा वर्षांचा कायदा सांगितला. मंगलाबाई म्हणाली, "बाई, आमचं कोनतं काम कायद्यानं होते? बारा तासाची पाळी कायद्यात हाये का?" वर्गातल्यासारखं उद्या सांगते, असं मला म्हणता आलं नाही.

मग एक दिवस मंगलाबाईच शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. दुसरं स्थळ आलं होतं. रविवारी येणार होते. हाही मुलगा हजीऱ्याला कंपनीतच होता.

"या खेपेले तुमी या," ती म्हणाली. "अन् तुमी इचारा. पोरीनं इचारलं त उद्धटपना होते. तुमी इचारलं त चौकशी होते."

मी कबूल झाले, आणि का झाले ते स्पष्टच सांगते. मला ते लग्न मोडायचं होतं. माझा हिशेब असा होता की मी नीट, सभ्यपणे, एकेक करून विचारीन. उत्तरं अडखळतील. 'कंपनी' या शब्दाचं टरफल निघेल आणि आत काय आहे ते भिकनभाऊंच्या भावांना, मध्यस्थाला, सगळ्यांना दिसेल. एकदा स्वच्छ दिसलं की माणूस बरोबर ते करतो, असं मला तेव्हा वाटायचं. वर्गात तसं होत आलं होतं. शब्द कळला की वाक्य सुटतं, वाक्य सुटलं की धडा सुटतो. आयुष्यभर याच भरवशावर शिकवत होते.

रविवारी दुपारी गेले. मला मानानं खुर्ची दिली, बाकी सगळे सतरंजीवर. भिंतीपलीकडच्या खात्यात लूम चालू होते, त्याची धडधड जमिनीतून पायाला जाणवत होती. मुलगा दीपक, बाविशीचा असेल, कोसाडला भावाकडे राहणारा. त्याचे मामा बोलायला होते. रेखानं चहा आणला आणि खाली बघत बसली. मामांनी सुरुवात केली, "मुलगा हजीऱ्याला कंपनीत आहे."

मी म्हटलं, "कंपनीत म्हणजे काय?"

मामा माझ्याकडे बघून हसले. पहिल्या स्थळाची हकिगत त्यांच्यापर्यंत पोचलेली असावी. त्यांनी भाच्याकडे पाहिलं. "तूच सांग, दीपक. बाई विचारताहेत."

"कंपनीत नाही, मॅडम," दीपक म्हणाला. "ठेकेदाराकडे. कंपनीच्या टाक्या असतात, त्या आतून साफ करायच्या. आम्ही आत उतरतो."

"कायम आहेस?"

"नाही. ठेका संपला की घरी. मग लूमवर जातो. परत बोलावलं की परत."

"धोका?"

"आहे. एकदा आत चक्कर येऊन पडलो होतो. दोरीनं वर ओढलं मला. दवाखान्यात होतो."

"पितोस?"

तो मामांकडे न बघता म्हणाला, "कधी कधी. जास्त नाही." मग आपणहून पुढं सांगितलं, "खोली भावाची आहे. वहिनीशी पटवून घ्यावं लागेल. माझी स्वतःची खोली व्हायला वेळ आहे."

मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. एकही उत्तर अडखळलं नाही. इतकं सरळ बोलणारा मुलगा मी शाळेतही फार पाहिलेला नव्हता. माझे प्रश्न संपले. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, नको. टाक्यांत उतरतो, नोकरीचा भरवसा नाही, दुसऱ्याच्या खोलीत ठेवणार. नको ही सोयरीक. मी मंगलाबाईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर इतका सुटकेचा भाव होता की मला धसका बसला.

"खरं बोलनारा हाये," ती हळूच म्हणाली.

भिकनभाऊंच्या थोरल्या भावानं मांडीवर हात मारला. "आसा पोऱ्या सापडत नही. काहीच दपाडं नही त्यानं." दपाडणं म्हणजे लपवणं. सगळ्यांनी माना हलवल्या. मी वयाचा विषय काढला, तेव्हा मामा म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. आता फक्त सुपारी फोडू. लग्न सावकाश." आणि मुलीची शाळा? "ते काय, बघू की. शिकली तर चांगलंच आहे." यातलं काहीही खोटं नव्हतं, आणि मला पकडायला काही उरलं नव्हतं.

शेवटी मी रेखाला विचारलं, "रेखा, तुला काही विचारायचंय?"

तिनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती अगदी हळू बोलली. "मी नाही म्हटलं तर?"

मामांनी भिकनभाऊंकडे पाहिलं, भावानं पाहिलं, मध्यस्थानं पाहिलं. उत्तर बापानं द्यायचं होतं. भिकनभाऊंना पोरीचा शब्द ऐकू आला नव्हता. सगळे आपल्याकडे बघताहेत एवढंच त्यांना दिसलं. ते हसले आणि चालेल म्हणून मान हलवली. "हाव, हाव. चाली, चाली."

मध्यस्थानं सुपारी काढली. मी उठून उभी राहिले. "थांबा," मी म्हटलं. "त्यांनी ऐकलं नाही. तिनं काय विचारलं ते त्यांना ऐकू आलेलं नाही." भावानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी चारचौघांत भिकनभाऊंच्या पोटावरच पाय दिला होता. मंगलाबाईनं माझा हात धरला. "असू द्या, बाई," ती म्हणाली. "असू द्या." तिनं मला खुर्चीत बसवलं, हळदकुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली. मी मघाशी जे काम केलं त्याचा तो मान होता. भिकनभाऊ दारातल्या शेजाऱ्यांना मोठ्यानं सांगत होते, "बाईस्नी समदं इचारी लिधं. आते काय काळजी!"

लग्न उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडे झालं. 'सावकाश'चा अर्थ तेवढाच निघाला. दीपक चांगला निघाला, असं पुढं कानावर आलं. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चांगल्या माणसाच्या हातात पडली म्हणून तिला विचारायची गरज नव्हती, असं मला अजूनही पटवून घेता येत नाही. त्या दिवशी त्या खोलीत एकही वाईट माणूस नव्हता, एकही खोटा शब्द नव्हता, आणि सगळ्या प्रश्नांना उत्तरं मिळाली होती, एक सोडून. लोक न विचारता फसतात, हे मला मंगलाबाईमुळे आधीच ठाऊक होतं. विचारूनही तसंच होऊ शकतं, हे माझ्या कुठल्या पुस्तकात नव्हतं.

मी नियम सोडला नाही. दुसरं काही येतच नव्हतं मला. पुढच्या वर्षी पाचवीचा वर्ग माझ्याकडे आला, त्यात सुनीता होती, रेखाची धाकटी बहीण. पहिल्या दिवशी मी नेहमीचं सांगितलं, मुलं नेहमीसारखी एकमेकांकडे बघून हसली. दिवाळीपर्यंत बांध फुटला. सुनीता तेवढी गप्प. वही नीटनेटकी, अक्षर सुरेख, पाढे तोंडपाठ, पण तोंडातून प्रश्न नाही. एकदा मी तिला मुद्दाम उभं केलं. धड्यात एक अवघड शब्द होता, तो तिला कळला नव्हता, हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"विचार की," मी म्हटलं. "विचार मला."

ती बाकाची कड धरून उभी राहिली. मग इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं पुढं वाकून म्हणाली, "बाई, मम्मीनं सांगितलंय. शाळेत जायचं असेल तर काही विचारायचं नाही."

मंगलाबाईनं घरात काय कबूल करून पोरीची शाळा चालू ठेवली होती, ते मला एका क्षणात कळलं. ते मोडायचं माझ्यात बळ नव्हतं. मी सुनीताला बस म्हटलं, आणि तो अवघड शब्द, तिनं न विचारताच, फळ्यावर फोड करून लिहिला. त्यानंतर रोज तेच करत गेले. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं, कुठं अडली ते ओळखायचं आणि सगळ्या वर्गाला म्हणून सांगायचं.

सुनीता सातवीपर्यंत माझ्याकडे होती. मग हायस्कूलला गेली, दहावी झाली, त्यांच्या घरातली दहावी झालेली पहिली. पेढे घेऊन माझ्या घरी आली होती. मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत ती सर्वांत हुशार निघाली, हे मी कुणालाही सांगेन. तिनं मला एकही प्रश्न विचारलेला नाही.